सतरा मार्चचा हिरवा भात

मंडळी, या वेळचा लेख म्हणजे परीक्षण आहे. सिनेमाचं नाही, पुस्तकाचंही नाही. आमच्या माहीमच्या घरी १७ मार्चला मांडलेल्या एका जेवणाच्या टेबलाचं. (माहीम म्हणजे पालघरचं, केळव्याच्या शेजारचं. मुंबईतलं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.) टेबल मीच मांडलं होतं, त्यामुळे भीड बाळगायचं कारण नाही.

तर झालं असं. दादा आयर्लंडमध्ये कॉर्कला औषध कंपनीत आहे. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आला, म्हणून दादा, वहिनी आणि सहा वर्षांचा पुतण्या आठवडाभर घरी आले. पाडवा मिळाला, पण पुतण्याचा सेंट पॅट्रिक्स डे बुडाला. पाचव्या शतकातल्या पॅट्रिक या धर्मगुरूचा हा दिवस तिकडे सार्वजनिक सुट्टीचा असतो. मिरवणुका निघतात, लोक हिरवे कपडे घालतात, छातीवर शॅमरॉक नावाच्या तीन पानांच्या रोपाची डहाळी लावतात. सकाळी उठल्या उठल्या साहेबांनी गावभर नजर टाकली आणि तक्रार केली, "आत्या, इथे कुणीच ग्रीन घातलं नाही." मी म्हटलं, थांब, आपण घरीच करू.

पालघरच्या बाजारातून हिरवं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ आणलं. हिरव्या कागदाची तीन-तीन पानं कापून दोऱ्यात ओवली. हिरव्या कागदी प्लेट, हिरवे ग्लास. मेनू : हिरवा भात, हिरव्या इडल्या, हिरवं दूध. नेटवर अशा टेबलांचे हजारो फोटो आहेत आणि सगळ्यांचा नियम एकच : जे जे दिसेल ते ते हिरवं करा. आम्ही नियम पाळला. टेबल फोटोत छान आलं. पुतण्या खुर्चीत बसला, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "मला वरणभात दे."

मला राग आला नाही, पण प्रश्न पडला. टेबल का फसलं? माझं पीएचडीचं काम पानांतल्या रंगद्रव्यांवर आहे, त्यामुळे हिरव्या रंगाने माझा असा अपमान करावा हे जरा लागलंच. म्हणून हा लेख.

पहिला हिरवा : पानातला

आधी माझी चूक कबूल करते. बाटलीतला रंग नको, म्हणून मी भातासाठी पालक उकडून वाटला. भात पोपटी झाला, सगळे खूश. मग चव आणायला त्यात लिंबू पिळलं आणि झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणली. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर भात खाकी. पोलिसांच्या गणवेशाचा रंग. वहिनी म्हणाली, "तू नक्की याच विषयात पीएचडी करतेयस ना?"

काय झालं होतं ते सांगते. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, म्हणजे क्लोरोफिलमुळे. या रेणूचा मुख्य भाग एका कड्यासारखा असतो आणि कड्याच्या मधोमध चार नायट्रोजन अणूंनी धरून ठेवलेला मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. अंगठीतला खडा समजा. आम्ल आलं की हा खडा निखळतो आणि त्याच्या जागी हायड्रोजनचे दोन अणू येऊन बसतात. नव्या रेणूचं नाव फिओफायटिन, आणि त्याचा रंग मळकट, शेवाळी-तपकिरी.

आता गंमत अशी की आम्ल पानातच असतं. फक्त जिवंत पेशीत ते वेगळ्या कप्प्यात साठवलेलं असतं, हरितद्रव्य वेगळ्या कप्प्यात. उष्णतेने मधल्या भिंती फुटतात आणि दोघांची गाठ पडते. म्हणून पालक उकळत्या पाण्यात टाकल्यावर आधी उलट जास्तच हिरवागार दिसतो (पेशींमधली हवा निघून जाते, पान पारदर्शक होतं) आणि मग हळूहळू मळत जातो. झाकण ठेवलं तर उडून जाऊ शकणारी आम्लंही भांड्यातच राहतात. मी यात वरून लिंबू पिळलं. म्हणजे चोराला घराची किल्ली दिली.

कोथिंबिरीच्या चटणीत लिंबू असूनही ती बराच वेळ हिरवी राहते, कारण तिला आच लागत नाही. तीच क्रिया तिथे सावकाश चालते. केळीच्या पानावर वाफाळता भात वाढला की भाताखालचा भाग काळपट पडतो, तोही याच कुळातला प्रकार. तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल, फक्त त्याचं नाव माहीत नसेल.

यावर उपाय आहेत. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, थोडाच वेळ उकडा आणि लगेच थंड पाण्यात टाका. आंबट घालायचंच तर वाढताना घाला. खायचा सोडा टाकला तर रंग टिकतो, पण क जीवनसत्त्व जातं आणि भाजीचा लगदा होतो. तिसरा उपाय तांब्याचा : मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागेवर तांबं बसलं तर रंग पुन्हा हिरवागार होतो आणि आम्लालाही दाद देत नाही. युरोपात एके काळी लोणची हिरवी दिसावीत म्हणून मुद्दाम तांब्याच्या भांड्यात करत. पण अशा वेळी किती तांबं पोटात जातंय ते मोजायचं कुणी? आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायची रीत आहे, तिच्यामागे हेच शहाणपण आहे.

तात्पर्य, पानातला हिरवा हा जिवंतपणाचा रंग आहे. तो शिजवून, आंबवून, तासभर फोटोसाठी मांडून ठेवता येत नाही. टेबलाचे फोटो टाकणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून ते पालकाच्या वाटेला जात नाहीत, थेट बाटली उघडतात. शेवटी मीही उघडली.

दुसरा हिरवा : बाटलीतला

आमच्या घरात खायच्या रंगाची बाटली त्या दिवशी पहिल्यांदा आली. याचं कारण बाबा. बाबांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नोकरी केली. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. रुमाल पाहून आम्ही ओळखायचो की या आठवड्यात कुठला माल चालू आहे. शिऱ्यात रंग घालायचा विषय निघाला की बाबा एवढंच म्हणायचे, "रंग मी दिवसभर बघतो. ताटात नको." व्याख्यान नाही, भीती घालणं नाही. ताटात नको, बस.

त्या दिवशी खाकी भातात मी बाटलीतला रंग ढवळत होते तेव्हा बाबा दारात उभे होते. म्हणाले, "कुठल्या बॅचचा?" सगळे हसले. मीही हसले.

आता संशोधन काय म्हणतं ते बघू. बाटलीतला हिरवा बहुतेक वेळा दोन रंगांचं मिश्रण असतो, पिवळा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू. याशिवाय फास्ट ग्रीन एफसीएफ नावाचा स्वतंत्र हिरवा रंगही आहे. हे तिन्ही भारतात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम खाद्यरंगांत येतात. पण ही परवानगी ठराविक पदार्थांपुरती आहे, जसं की आइस्क्रीम, मिठाई, बिस्किटं. तिथेही सर्वसाधारण मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजे एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम. रोजचा भात या यादीत येत नाही. मी किती घातला? "थोडासा." प्रयोगशाळेत मी असं उत्तर दिलं असतं तर माझ्या गाइडने मला बाहेर काढलं असतं.

मौज बघा : फास्ट ग्रीनला भारतात परवानगी आहे, अमेरिकेत आहे, युरोपीय संघात नाही. म्हणजे हाच रंग घालून केलेल्या सेंट पॅट्रिकच्या मिठाया शिकागोत विकता येतील, डब्लिनमध्ये नाही. रंग तोच, रेणू तोच. फरक आहे तो उपलब्ध पुराव्याकडे कोण किती सावधपणे बघतो याचा.

आणि टार्ट्राझिन? २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाचा एक अभ्यास आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं. काही आठवडे त्यांना कधी रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, कधी तसंच दिसणारं पण रंगद्रव्यं नसलेलं. कुठल्या आठवड्यात काय दिलं हे मुलांना, पालकांना आणि निरीक्षकांना माहीत नव्हतं. निष्कर्ष : मिश्रण प्यायल्यावर सरासरी चंचलता किंचित वाढली. या आणि आधीच्या पुराव्यांवर बरीच चर्चा झाली आणि जुलै २०१०पासून युरोपीय संघात टार्ट्राझिनसह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वागण्याबद्दल इशारा छापणं सक्तीचं झालं.

या अभ्यासाचा दोन्ही बाजूंनी गैरवापर होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो "रंगाने मुलं वेडी होतात" असा फिरतो. तसं त्यात काहीही नाही. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे दोष नेमका कुणाचा हे सांगता येत नाही. दुसरीकडे "मर्यादेत असेल तर विषयच संपला" म्हणणारेही आहेत. तेही खरं नाही, कारण घरच्या स्वयंपाकात मर्यादा मोजतच नाहीत. माझं मत विचाराल तर एका दिवसाच्या हिरव्या भाताने पुतण्याला काही झालं नसतं. माझा आक्षेप आरोग्याचा नाहीच. तो पुढे येतोय.

हिरवं नक्की काय होतं?

नेटवरच्या फोटोंवरून वाटतं की आयर्लंडमध्ये परंपरेनेच सगळं हिरवं करतात. इतिहास पाहिला तर हे फार जुनं नाही. सेंट पॅट्रिकच्या नावाने १७८३ साली राजाने सरदारांसाठी सन्मानपद काढलं, त्याचा रंग निळा होता. हिरवा पुढे आला तो १७९०च्या दशकात, इंग्रजी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या युनायटेड आयरिशमेन या संघटनेबरोबर. म्हणजे हा हिरवा सजावटीचा होण्याआधी बंडाचा होता.

घरगुती टेबलावर तर हिरवं फारसं नसतंच. दादा सांगतो, कॉर्कला शेजाऱ्यांकडे त्या दिवशी उकडलेलं बेकन, बटाटे आणि कोबी. हिरवं म्हणाल तर कोबी. सजावट म्हणाल तर कोटावरची शॅमरॉकची डहाळी. रात्री शेवटच्या पेल्यात ती डहाळी बुडवतात, पेला रिकामा करतात आणि डहाळी खांद्यावरून मागे टाकतात किंवा गिळून टाकतात. सजावट शेवटी पोटात जाते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

शॅमरॉक म्हणजे नेमकी कुठली वनस्पती, यावर झालेलं संशोधन मला फार आवडतं. १८९३ साली नॅथॅनियल कोलगन या हौशी वनस्पतिअभ्यासकाने देशभरातून लोकांना आवाहन केलं : तुम्ही ज्याला शॅमरॉक म्हणता ते रोप मुळासकट पाठवा. ती रोपं त्याने लावली, फुलू दिली आणि ओळखली. साधारण निम्मी पिवळ्या फुलांच्या बारीक क्लोव्हरची निघाली, एकतृतीयांश पांढऱ्या क्लोव्हरची, बाकी इतर. १९८८मध्ये चार्ल्स नेल्सन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. जवळपास शंभर वर्षांनीही उत्तर साधारण तेच! म्हणजे 'शॅमरॉक' नावाची एकच एक वनस्पती नाही. आपापल्या अंगणात, बांधावर उगवणारं तीन पानांचं जे हाताला लागेल ते शॅमरॉक. मेथी-घासाच्या कुळातलं साधं रानगवत ते.

आणि नदी हिरवी करणं? ते शिकागोचं, १९६२पासूनचं. तिथल्या प्लंबर मंडळींकडे एक हिरवा रंग होता. कुठल्या इमारतीचं सांडपाणी चोरून नदीत जातंय ते शोधायला ते हा रंग वापरत. त्यातून कल्पना सुचली आणि पहिल्या वर्षी १०० पौंड रंग ओतला. नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता वनस्पतिजन्य भुकटी वापरतात. हे वाचून मी बाबांना सांगितलं. तारापूर २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात १०० पैकी ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं, म्हणजे सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र. बाबा थोडं थांबून म्हणाले, "तिकडे हौसेने करतात होय?"

माझा आक्षेप इथे आहे. रंगीत पाणी आमच्याकडे हौसेची गोष्ट नाही. ज्या घरात रंगाची बादली वेगळी ठेवली गेली, त्या घरात मी फोटो छान यावा म्हणून ताटात रंग आणला. आणि बाबांनी तो भात खाल्ला. नातू खात नव्हता, तर त्याला दाखवायला म्हणून दोन घास जास्तच खाल्ले.

टेबलाचं परीक्षण

आता रचनेबद्दल. पुतण्याने ताट का नाकारलं, याचं एक साधं कारण डोळ्यांचं आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं. धागा चांगलाच काळा होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा सारांश हा की रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यामुळे दिसतो.

माझ्या टेबलावर हिरव्या कापडावर हिरवी प्लेट, त्यात हिरवा भात. शेजारीच नाही! भात कुठे संपतो आणि प्लेट कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. सहा वर्षांच्या पोराला ते अन्न वाटलंच नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

उलट आपलं पान आठवा. केळीच्या पानाचं टोक डाव्या हाताला. वर मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये पांढऱ्या भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण, वर तूप. भोवती रांगोळी. इथे वेगळी सजावट अशी नाहीच. वाढणं हीच सजावट. हिरवं सगळ्यांत मोठं आहे, पण ते मागे आहे, बाकीच्यांना पुढे येऊ देतं. आणि जागा चवीने ठरल्या आहेत : डावीकडचं थोडं थोडं चाखायचं, उजवीकडचं पोटभर. म्हणजे मांडणी बघूनच जेवायचं कसं ते कळतं. माझ्या टेबलावरून एवढंच कळत होतं की आज काहीतरी हिरवं आहे.

म्हणून "परक्यांचे सण कशाला" अशी ही टीका नाही, हे स्पष्ट लिहिते. पोराचं अर्धं घर तिकडे आहे, त्याचा सण आमचाही आहे. टीका एवढीच की आम्ही आयर्लंडचं काही आणलंच नाही. आणला तो फोटोंचा नियम. तिकडची खरी रीत, अंगणात उगवतं ते तोडून छातीला लावायची, आम्हाला सहज जमली असती. आमचं माहीम म्हणजे केळी, नारळ आणि विड्याच्या पानांच्या वाड्या. इथे हिरवं विकत आणणं म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ उसनं मागणं.

दुसरा प्रयत्न

हे सगळं मला सुचलं असं समजू नका. पुतण्यानेच करून दाखवलं. वरणभात खाऊन तो मागच्या दारी गेला आणि तुळशीच्या कुंडीतून मूठभर आंबुशी घेऊन आला. तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं. "आत्या, तुझ्याकडे शॅमरॉक आहे आणि तू सांगितलं नाहीस!" क्लोव्हर आणि आंबुशी यांचं कूळ वेगळं, पण मी काही बोलले नाही. कोलगनने ते रोप लावून घेतलंच असतं. आईने स्टीलच्या वाटीत पाणी घालून ती टेबलावर ठेवली. एक पान त्याला चाखायला दिलं. आंबट लागल्यावर त्याने डोळे मिटले आणि दुसरं मागितलं. (ऑक्झॅलिक आम्ल. दोन-चार पानं ठीक, वाटीभर नको.) आजी त्याला म्हणाली, बेलालाही तीनच पानं असतात, उद्या दाखवते.

१९ तारखेला पाडव्याला वाडीतली केळीची पानं आली. गुढीला कडुलिंबाची डहाळी बांधली आणि त्याच डहाळीची कोवळी पानं गूळ, जिरं, मीठ घालून वाटली. पुतण्याने थेंबभर चाटली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "डेकोरेशन खायचं असतं?"

दादा म्हणाला, "तिकडेही खातात. मोठा झालास की कळेल."

जेवताना आंबुशीची वाटी बाबांच्या पानाशेजारी होती. दोन दिवसांत ती सुकली होती, कडेने पिवळी पडली होती. खडा निखळला होता, दुसरं काय. बाबांनी ती बाजूला सारली नाही.

उरलेली बाटली फडताळात आहे. कुणाला रांगोळीसाठी हवी असेल तर सांगा.